मालन लाइन जोडत नाही

दुपारचं जेवण उरकून नलिनीताई आडव्या होतात. डोळा लागतो न लागतो तोच उशाशी खुर्ची सरकते. मालन आली आहे. सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोघींनी शेजारी शेजारी बसून नोकरी केली. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी मालनचा फोन यायचा. गेल्या थंडीत मालन गेली आणि नलिनीताईंचं बोलणंच आटलं.

"गोळ्या घेतेस ना?" मालन विचारते.

"घेते. पूर्वीसारखं रडू येत नाही. पण उठावंसंही वाटत नाही."

"आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ते एकट्या राहणाऱ्यांचं गुरुवारचं मंडळ?"

"अनोळखी माणसांत जाऊन काय सांगू? घर खायला उठतं म्हणून?"

मालन खिडकीकडे बोट करते. खिडकी असते तिथे आता एक्स्चेंजचा बोर्ड आहे, दोघींच्या कानांवर हेडफोन. भोकाभोकातून "हॅलो, हॅलो" ऐकू येतंय. सगळे आवाज थकलेले, म्हातारे.

"कोण गं ही माणसं?"

"तुझ्यासारखीच. कुणी उचलतंय का, वाट बघतायत."

"मला नकोत ती. मला तुझ्याकडे जोडून दे, मालन. नको झालंय गं हे सगळं."

मालन हातातली वायर खाली ठेवते. बोर्डाखालून पाणी वर येतं. दोघी तलावाच्या पायऱ्यांवर उभ्या असतात. पलीकडचा काठ दिसत नाही. नलिनीताई एक पायरी उतरतात. पावलांना गारवा बरा वाटतो. आणखी एक उतरणार, तोच मालन त्यांचं मनगट धरते.

"नाही नलू. इथून पुढे मी एकटीच."

"मग मी बोलू कुणाशी?"

"माझ्याशी तरी पहिल्या दिवशी कुठे बोलत होतीस?"

"सोड, दुखतंय."

"दुखू दे."

नलिनीताई जाग्या होतात. घरात चिटपाखरू नाही. डावं मनगट खरंच ठणकतंय. बघतात तर त्यांच्याच उजव्या हातानं ते करकचून धरलंय. बोटं सोडवायला वेळ लागतो. खाली लाल वळ उठलेत.

वळांवरून हात फिरवत त्या बसून राहतात. मग तोंड धुतात, साडी बदलतात. आज गुरुवार आहे.

मंडळ जवळच्याच वाचनालयात भरतं. त्या दारातच घुटमळतात. कडेला बसलेली एक बाई आपली पिशवी उचलून जागा करून देते. तिचं लक्ष मनगटाकडे जातं.

"अगंबाई, हाताला काय झालं हो?"

नलिनीताई तिच्याशेजारी बसतात. त्या खाकरतात.

"माझी एक मैत्रीण होती," त्या म्हणतात.