जाऊबाईंकडं दोन वायफाय, माझ्याकडं एक पण न्हाई

मैत्रिणींनो, आज माझा जीव नुसता जळतोय. खरं तेच सांगते.

न्हावऱ्यात माझं आन् थोरल्या जाऊबाईंचं, म्हणजे अक्कांचं, घर भिंतीला भिंत लागून. दोघींनी बरोबरच नवीन फायबर नेटला नाव दिलं.

मी लगेच जुन्या केबलवाल्या मामांना फोन करून सगळा राग काढला. "घेऊन जा तुमचा वायफायचा डबा!" ते त्याच संध्याकाळी येऊन घेऊन गेले. अक्कांनी मात्र मामांना फोन केलाच न्हाई.

मग नवीन कंपनीची माणसं आली. खांबावरच्या पेटीत एकाच कनेक्शनला जागा निघाली, आन् ती अक्कांना मिळाली. मला म्हणाले, "मोठी पेटी येईपर्यंत थांबा, ताई."

आज दुपारी माझा ऑनलाइन शिवणक्लास. मोबाईलला धड रेंज न्हाई. वायफाय शोधलं तर अक्कांची दोन नावं दिसली, जुनं बी आन् नवीन बी! तशीच तावातावानं गेले.

"अक्का, नवीन सुरू झालंय की, मग जुनं कशाला ठेवलंय तुम्ही?"

अक्का कणीक मळत म्हणाल्या, "अगं, नवीन नीट चालंस्तवर जुनं बंद करायचंच नसतं. आन् आता तुझं येईस्तवर ऱ्हाऊ दे. जुना डबा तुझ्याच भिंतीला लावून घेतलाय. टाक पासवर्ड."

क्लास झकास झाला. बाया म्हणाल्या, आज आवाज लई स्पष्ट येतोय.

आता तुम्हीच सांगा, असल्या बाईवर माणसानं धड जळायचं तरी कसं?