कावळ्याला दिलेला शब्द

माझ्या बाबांना धर्म शिकवायला पोथी लागत नसे. रत्नागिरी बंदरातून मुंबईला माल नेणाऱ्या मचव्यावर ते तांडेल होते. पावसाळ्यात मचवा किनाऱ्यावर ओढला की ते घरी असत आणि ओटीवर दोर वळता वळता मला सांगत, "मचवा फुटला म्हणून तांडेल मरत नाय, बाय. तो दुसऱ्या मचव्यावर चढतो. देह फुटतो, आत्मा नाय." देव इतके कसे, असं विचारलं तर म्हणत, "बंदरं पुष्कळ, दर्या एकच." कर्माचं तर अगदीच सोपं होतं. करावं तसं भरावं, या जन्मी नाही तर पुढच्या. मला सगळं पटे. सांगणारे बाबा असल्यावर न पटायला काय झालं?

मी मराठी सातवीची परीक्षा देऊन मास्तरीण व्हावं, ही त्यांची एकच इच्छा. भावकी हसायची. मी चौथीत असताना बाबा तापाने गेले.

मला भाऊ नव्हता, म्हणून दहाव्याचे पिंड धाकट्या काकांनी दिले. बायकापोरींनी तिथे जायची रीत नाही, पण मी मागोमाग खाडीवर गेले आणि कोणी हाकललं नाही. पिंड मांडले, सगळे मागे सरले. माडांवर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. त्याची इच्छा ओळखून शब्द द्यायचा, मग तो मोकळा होतो. काका हात जोडून बोलू लागले. वहिनीला अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. कुळाचार चालवीन. तरी ढिम्म. ऊन चढलं, भटजी चुळबुळू लागले. तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "दादा, पोरीची शाळा मी सोडवणार नाय. सातवीपर्यंत शिकवीन."

कावळा उतरला. "शिवला, शिवला!" म्हणत माणसं घराकडे वळली. मी ढसाढसा रडले, पण आनंदाने. बाबा माझ्यासाठी थांबले होते!

शिमगा झाला आणि काकांनी मला शाळेतून काढलं. मुरुडचा एक बिजवर त्यांनी माझ्यासाठी पाहून ठेवला होता.

"काका, तुम्ही बाबांना शब्द दिलात," मी म्हटलं.

ते चक्क हसले. "अगो बाय, ऊन केवढा झाला होता! तिथं कायतरी बोलायचाच असता. कावळा शिवला, दादा सुटला. आता काय त्याचा?"

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, तोही मेलेल्या भावाला वाढलेला! मी तशीच आईकडे धावले. ती काकांना चांगलं सुनावील, अशी माझी खात्री होती. आई चुलीपुढे बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मीच सांगितलेला भावोजींना. कावळा नायच शिवला, तर पोरीच्या शाळेचा बोला म्हणून. यांचा जीव तिथंच अडकणार, ठाव होता मला."

"मग माझी शाळा?"

"ती कुठली आपल्याला? त्यांना मोकळा करायचा होता."

काकांचा नुसता राग आला होता. आईचं ऐकलं आणि माझं घरातलं माणूसच संपलं.

मुरुडला नांदायला गेल्यावर कित्येक वर्षं मी काकांना फळ मिळायची वाट पाहिली. त्यांना नातवंडं झाली, म्हातारपणीही सगळे दात शाबूत. भटजी म्हणत, पुढच्या जन्मी भोगतील. पुढचा जन्म बघायला मी कुठे जाऊ? आईवर मात्र धड रागावताही आलं नाही. तिने नवऱ्याला सोडवलं, आणि त्यासाठी मला दिलं.

आणि आत्मा अमर आहे, हेच मला नकोसं झालं. अमर असेल तर बाबांना सगळं कळलं असणार. देवळात बायका मुलंबाळं मागत, सौभाग्य मागत. बाबांचं मागे काहीही उरलेलं नसू दे, एवढंच मी मागत असे. त्या दिवशी खाडीवर काकांचा शब्द खरा मानणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि बाबा.