बेरजेवरचा तळहात

बेरजेवर तळहात ठेवून कागद वाचणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? आमचे मास्तर तसे वाचायचे. आधी बेरीज झाकायची, मग एकेक आकडा बघायचा आणि शेवटी म्हणायचं, "एका विषयात नापास, तो नापास!"

मास्तर शाळेत नव्हते बरं का. सत्तरच्या दशकात नाशिक रोडपासून सायकलच्या अंतरावर एका लष्करी कारखान्यात आम्ही जुन्या तोफा तपासायचो. तोफ ठेवायची, दुरुस्त करायची की मोडीत काढायची, हे ठरवायचं. त्यासाठी तक्ता मास्तरांनीच बनवलेला. नळीची झीज, गोळा सुटताना मागं बसणारा धक्का पेलण्याची ताकद, सुटे भाग, खर्च, वय. ज्याचं महत्त्व जास्त त्याला मार्क जास्त. शंभरपैकी बेरीज साठाच्या वर गेली की तोफ पास. वरच्यांना तक्ता इतका आवडला की त्यांनी त्याचा नियमच करून टाकला. तोफांना मार्क देणारे म्हणून हे मास्तर. डब्यातली लसणाची चटणी अख्ख्या टेबलाला वाटायचे आणि वर "पाणी जवळ ठेवा रे" म्हणून हसायचे.

एकदा गोळाफेकीच्या सरावाच्या आदल्या दिवशी एक तोफ आली. बेरीज बहात्तर. मी फटकन सही ठोकली. आमच्या वरच्या मेजरसाहेबांनीही केली. तिसरी सही मास्तरांची. त्यांनी तळहात ठेवला आणि थांबले. धक्क्याला वीसपैकी चार. नळी नवी, सुटे भाग भरपूर, म्हणून बेरीज फुगलेली.

"मी सही करणार नाही."

मेजरसाहेब तापले. "उद्या सकाळी तोफ मैदानावर पाहिजे. तक्ता तुमचा, नियम तुमचा, आणि आता तुम्हीच मागं सरता?"

"तक्ता माझाच, साहेब. चूकही माझीच. नळीचे मार्क धक्क्याच्या मदतीला येतील, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही."

"मग बढती विसरा. मी वर लेखी देतोय."

शेडमधले हातोडे थांबले. मास्तरांची निवृत्ती दोन वर्षांवर होती. ते उठले, तोफेच्या मागं गेले आणि गोळा भरणारा जवान जिथं उभा राहतो, नेमके तिथं उभे राहिले.

"साहेब, इथला पोरगा या बेरजेत कुठं आहे?"

तिसऱ्या सहीशिवाय तोफ हलणार नव्हती. ती हललीही नाही, पुढं तशीच मोडीत गेली. मास्तरांची बदली मात्र महिन्याभरात आली, पार राज्याबाहेर.

स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा मला राहवलं नाही. "मास्तर, मागं उसळली असती का हो ती?"

"कुणाला ठाऊक? नसतीही उसळली." चटणीची पुडी माझ्या हातात कोंबत म्हणाले, "पण हे न कळलेलंच बरं ना रे?"

ते तिकडेच वारले. आम्हाला कळलं तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते.

ऐंशीनंतर तक्ता बदलला. खाली एक ओळ आली: कुठल्याही एका रकान्यात किमान मार्क नसतील तर बेरीज करू नये. ओळ कुणाची, ते कुठंच लिहिलेलं नाही. ती ओळ वाचली त्या दिवशी मी त्या तोफेची जुनी फाईल काढली. बेरजेवर पेन्सिलीनं काळवंडलेल्या तळहाताचा डाग तसाच होता. शेजारी माझी सही, कशी ठसठशीत! लाज वाटते हो अजून. मास्तरांच्या सहीचा चौकोन रिकामाच आहे.