उजवीकडे, त्याच्यासारखं!

पंधरा वर्षांची होईपर्यंत मी तीन माणसांसारखी हॉकी खेळत होते. त्यातले दोघे मेले होते आणि तिसरा ‘गेला’ होता.

हे मत माझं नव्हे. वसईत आमच्या गावचं मैदान आणि दफनभूमी यांच्यामध्ये एक दगडी भिंत होती. नव्वदच्या दशकात त्या भिंतीवर रोज संध्याकाळी तीन म्हातारे बसायचे, हे मत त्यांचं. एक होते निवृत्त मास्तर. त्यांच्या छडीची आठवण निघाली की माझे बाबा अजूनही हात मागे घ्यायचे. दुसरा म्हणजे गोली. तरुणपणी तो गावच्या टीमचा गोलकीपर होता आणि त्याने पुढचे दोन दात त्या काळीच चेंडूला वाहिले होते. तिसरे माझे सख्खे आजोबा. त्यांनी आयुष्यात कधी स्टिक हातात धरली नव्हती, त्यामुळे त्यांची मतं सगळ्यात ठाम होती.

मी सेंटर फॉरवर्ड. शाळेत नव्याने आलेल्या एका तरुण सिस्टरनी मुलींची टीम काढली, तिथून हे सगळं सुरू झालं. मुली हॉकी खेळणार म्हटल्यावर भिंतीवरच्या मंडळींना आधी फार वाईट वाटलं. पण गावातले मुलगे एकजात क्रिकेटच्या नादाला लागले होते, आणि तुलना करायला यांना कुणीतरी हवंच होतं. शेवटी त्यांनी दुःख गिळलं आणि मला धरलं.

त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मुलगी चांगली आहे’ इथे सुरू व्हायचं आणि लगेच ‘पण’ यायचा. त्या ‘पण’च्या मागून एखादा मेलेला माणूस यायचा. मी चेंडू अडवला की तो माडावरून पडून वारलेला राइट इन. मी जोरात मारला की तो, ज्याच्या फटक्याने चर्चची काच फुटली होती आणि ज्याला पुढे दारूने नेलं. हे दोघे म्हणे माझ्यापेक्षा बरे होते. मला त्याचं काही वाटायचं नाही. मेलेल्या माणसांशी स्पर्धा करण्यात एक सोय असते, ती मैदानात उतरत नाहीत.

तिसऱ्याचं मात्र वेगळं होतं. त्याचा विषय निघाला की तिघांचा आवाज खाली यायचा. तो मूळचा आमच्या गावचा नव्हता, मामाकडे राहायला आला होता. चार-पाच हंगाम खेळला असेल. पण चेंडू म्हणे त्याच्या स्टिकला दोऱ्याने बांधल्यासारखा चालायचा. समोरच्या फुलबॅकला उजवीकडून असा काही काढून जायचा की फुलबॅक पुढच्या रविवारच्या मिस्सापर्यंत तिथेच उभा. मग एका फायनलमध्ये रेफरीने त्याच्यावर अन्याय केला. त्याचं मन मोडलं, त्याने स्टिक विहिरीत टाकली आणि तो गेला. “तो गेला आणि गावची हॉकी गेली,” असं म्हणून मास्तर क्रुसाची खूण करायचे. त्यामुळे नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावून झाली की मी एक जास्तीची त्याच्यासाठी लावायचे.

माझीही उजवीकडे वळायची सवय होती, म्हणून मी त्याच्यासारखी. सुरुवातीला थोडीशी होते. पण मी चेंडू घेऊन निघाले की भिंतीवरून आरोळी यायची, “उजवीकडे! त्याच्यासारखं!” हळूहळू मी फक्त उजवीकडेच जायला लागले. आसपासच्या गावांच्या टीमनाही ते कळलं, कारण आरोळी त्यांनाही ऐकू यायची. सिस्टर झगा खोचून मैदानाच्या कडेने धावत ओरडायच्या, “अगं, कधीतरी डावीकडे जा!” पण एका सिस्टरपुढे तीन म्हाताऱ्यांचा आवाज मोठा होता.

मी पंधरा वर्षांची झाले त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आसपासच्या गावांच्या मुलींची स्पर्धा आमच्या मैदानावर होती. फायनलच्या आधीच्या रविवारी माझी आत्या माहेरी आली होती. ती जवळच, तुळिंजला फ्लॅटमध्ये राहायची. जेवताना आजोबांनी नेहमीचं पुराण लावलं आणि आत्या भाताचा घास हातातच ठेवून म्हणाली,

“कोण, तो? तो आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहतो. परवाच टँकरच्या रांगेत माझ्याशी भांडला.”

“काहीतरीच बोलू नकोस,” आजोबा म्हणाले. “तो केव्हाच गेला.”

“गेला ना. तुळिंजला गेला.”

आजोबांनी विषय बंद केला. त्यांच्या मते तो दुसराच कुणीतरी होता, नाहीतर आत्याला कळत नव्हतं, नाहीतर दोन्ही. मी मात्र त्याच दुपारी आत्याबरोबर निघाले. ती वळण्याची ढब प्रत्यक्ष त्याच्याकडून शिकायची, असं माझ्या डोक्यात होतं. मी ज्याच्यासाठी मेणबत्त्या लावत होते तो माणूस दार उघडणार होता.

दार उघडलं ते बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची लुंगी घातलेल्या एका टकल्या, बुटक्या माणसाने. आत टीव्हीवर क्रिकेट लावलेलं होतं.

“टँकरचं असेल तर मी माफी मागणार नाही,” तो आत्याला म्हणाला.

आत्याने मला पुढे ढकललं. मी कोण, कुठली, भिंतीवर कोण बसतं आणि काय बोलतं, सगळं एका दमात सांगून टाकलं. मेणबत्तीचंही सांगितलं.

“माझ्यासाठी लावायचीस?”

“हो.”

“मग उपयोग झाला म्हणायचा. तब्येत चांगली आहे.” त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. बंद केला नाही. “अजून काय काय सांगतात?”

“रेफरीने तुमच्यावर अन्याय केला म्हणून तुम्ही हॉकी सोडली.”

“रेफरी माझा मावसभाऊ होता. त्याने अन्याय केला तो समोरच्या टीमवर. तरी आम्ही हरलो.”

“आणि स्टिक विहिरीत टाकली...”

“माझी स्टिक? ती मामीने नेली, वाल झोडायला. मला रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली, दुपारची पाळी. हॉकी संध्याकाळी असते. संपलं. खरं सांगू का पोरी, मला कंटाळाच आला होता.”

मला रडू येईल असं वाटायला लागलं. त्याच्या बायकोने कोकम सरबत आणून दिलं आणि ती नवऱ्याकडे अशा नजरेने बघत उभी राहिली, जणू हा माणूस कुठे काही खेळायचा ही बातमी तिला आजच कळत होती. शेवटचा उपाय म्हणून मी विचारलं, “काका, पण ते उजवीकडून जाणं? ते तर खरं ना?”

“ते खरं,” तो म्हणाला. “मैदानाच्या डाव्या कडेला एकाची म्हैस बांधलेली असायची. दावं चांगलं लांब. मालक म्हणायचा, म्हैस आधीची आहे, हॉकी नंतर आली. पहिल्याच वर्षी मी डावीकडून गेलो आणि तिने मला शिंगावर घेतलं. त्यानंतर मी कशाला मरायला डावीकडे जातोय?”

मी थोडा विचार केला. तेवढी हुशार मी होते. “पण हाफटाइमनंतर बाजू बदलतात. मग म्हैस उजवीकडे येत असेल.”

पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “मी दुसऱ्या हाफमध्ये गोल केल्याची एक तरी गोष्ट सांगतात का तुझे म्हातारे?”

मी आठवून पाहिलं. एकही नव्हती.

“तू नेहमी उजवीकडेच जातेस?” त्याने विचारलं.

“हो. तुमच्यासारखी.”

“तुमच्या मैदानात अजून म्हैस आहे?”

“नाही.”

“मग?” असं म्हणून त्याने टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा केला.

फायनलला आत्या त्याला घेऊन आली. आता त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि डोक्यावर नातवाची टोपी. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो सरळ जाऊन भिंतीवर मास्तरांच्या शेजारी बसला. आजोबांना मोतीबिंदू होता, आणि मास्तर चष्मा फक्त बायबलसाठी वापरायचे. भिंतीवर पुढे काय झालं ते मला आत्याकडून कळलं. ती त्यांच्या मागेच उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

पहिल्या हाफमध्ये मी सवयीने उजवीकडेच गेले. समोरची फुलबॅक दणकट पोरगी होती. ती तिथे आधीच येऊन उभी असायची, बस स्टॉपवर उभं राहावं तशी, आणि माझ्याकडून चेंडू शांतपणे काढून घ्यायची. आम्ही एका गोलने मागे पडलो. भिंतीवर मास्तर पाहुण्याला सांगत होते, “मुलगी चांगली आहे, पण आमच्याकडे एक होता, त्याची सर नाही.”

“मी पाहिलाय त्याला,” पाहुणा म्हणाला. “काही खास नव्हता.”

मास्तर त्याच्याकडे वळले. “तुम्ही कुठले?”

“तुळिंज.”

“तरीच.”

“अर्धाच वेळ खेळायचा,” पाहुणा पुढे बोलत राहिला. “दुसऱ्या हाफमध्ये नुसता उभा. म्हशीला घाबरायचा.”

“उठा!” आजोबा म्हणाले. “आमच्या भिंतीवर बसून आमच्या माणसाला नावं ठेवता? गेलेल्या माणसाबद्दल तरी नीट बोला!”

“अहो, मीच तो.”

मास्तरांनी डोळे बारीक करून त्याला पायांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. मग हळहळून मान हलवली आणि म्हणाले, “तो उंच होता.”

गोली भिंतीवरच्या शेवाळाकडे बघत होता आणि त्याचे खांदे गदगदत होते.

दुसरा हाफ सुरू झाला. चेंडू माझ्याकडे आला, भिंतीवरून आरोळी आली, आणि मी डावीकडे वळले. इतकी वर्षं त्या बाजूला वळले नव्हते, त्यामुळे माझेच पाय एकमेकांत अडकले. मी तोंडावर आपटले. ओठ फुटला, तोंडात माती गेली. “बघा!” आजोबा पाहुण्याला म्हणाले. “त्याने असं कधीच केलं नसतं!”

“नाही,” पाहुण्याने कबूल केलं. “त्याची हिंमतच नव्हती.”

सिस्टरनी ओठावर पाणी मारून विचारलं, बाहेर येतेस का. मी नको म्हटलं. मला भयंकर राग आला होता, कुणाचा ते नेमकं कळत नव्हतं. बहुतेक त्या म्हशीचा, जी माझ्या जन्माच्या आधी मेली होती आणि तरी मला अडवत होती. पुन्हा चेंडू आला. फुलबॅक तिच्या बस स्टॉपवर उभी होती. मी डावीकडून गेले आणि समोर कुणीच नव्हतं. इतकं रिकामं मैदान मी तोवर पाहिलंच नव्हतं. डीमध्ये शिरले आणि मारला. चेंडू गोलच्या मागच्या फळीवर आपटल्याचा आवाज आला तेव्हा मी ओरडायचंसुद्धा विसरले.

भिंतीवर मास्तर गंभीरपणे म्हणाले, “हे अगदी त्याच्यासारखं. तो आफ्रिकेला गेला ना, त्याच्यासारखं. तो असाच डावीकडून जायचा.”

“तो फुलबॅक होता, मास्तर,” गोली म्हणाला. “आयुष्यात त्याने मधली रेघ ओलांडली नाही. थेट आफ्रिकेलाच गेला.”

आम्ही हरलो. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी कॉर्नरवर त्यांनी दुसरा गोल केला. सिस्टरनी सगळ्यांना चॉकलेटं वाटली, आणि ओठ फुटल्यामुळे मला माझं खाताच आलं नाही. गोलीने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, की पाहुणा भिंतीवर चढला तेव्हाच आपण त्याला ओळखलं होतं. “मग बोलला का नाहीत?” मी विचारलं. “अगं, त्या दोघांची इतक्या वर्षांची मेहनत आहे त्या गोष्टीवर,” तो म्हणाला. “आणि हा हे असा आला. टोपी घालून.”

त्यानंतर मी बरीच वर्षं खेळले. जिल्ह्याकडून खेळले, दोनदा राज्याच्या ज्युनियर टीममध्ये होते, आणि खेळाडूंच्या कोट्यातून एका बँकेत चिकटले. देशाकडून वगैरे नाही. घोटा गेला, मग लग्न झालं, मग स्टिक माळ्यावर गेली. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्हीकडून जाता येणारी मी एक बऱ्यापैकी फॉरवर्ड होते. याहून मोठं काही मी झाले असते तर कुणीतरी मला सांगितलं असतं.

फायनलच्या त्या दिवशी मॅच संपल्यावर मी आभार मानायला गेले, तर तुळिंजचा तो माणूस घाईत होता.

“रिक्षा कुठे मिळेल? मला पाचूबंदरला जायचंय.”

“आत्ता?”

“मग मी हॉकीसाठी आलो असं वाटलं तुला? तुळिंजला बोंबील म्हणून ओला कागद विकतात.”

आत्याने मलाही रिक्षात कोंबलं. बंदरावर ऊन उतरलं होतं, होड्या लागल्या होत्या आणि बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या. तो एकेका पाटीपाशी उकिडवा बसून, बोंबील उचलून नाकाला लावून बघत पुढे सरकत होता. मैदानावर त्याने एवढं लक्ष कधी कशाला दिलं असेल असं मला वाटलं नाही. शेवटी तो एका म्हाताऱ्या कोळणीपाशी थांबला.

“पानी सुटलेलं नाय, बघ की,” ती त्याच्यावर खेकसली. “नाक कशाला लावतो? घ्यायचा तर घे.” मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. “पोरी, ओठाला काय झालं?”

“खेळताना पडले.”

“जिंकलात?”

“हरलो.”

तिने माझ्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं, च्यक केलं, आणि दोन मोठे बोंबील उचलून त्याच्या पिशवीत टाकले. वर पैसे घेतले नाहीत.

तो पिशवीत बघत म्हणाला, “पुढची फायनल कधी आहे? तेव्हाही हर.”