पप्पा मम्मीच्या स्वप्नात का येत नाहीत

झोप लागायच्या आधी माझ्या पोटावर कनूचा पाय असतो. कनू माझी धाकटी बहीण. पहिलीत आहे आणि झोपेत सायकल चालवते. मी तिचा पाय खाली ठेवते, ती परत वर टाकते. मी परत खाली ठेवते. पुढच्या वेळी पाय वर येतो तो जरा जड लागतो, गार लागतो, ओला पण. चाचपून बघते तर उसाचं कांडं. सोललेलं, धुतलेलं.

"दे इकडं," पप्पा म्हणतात.

मी देते. आमच्या खोलीच्या मधोमध आमचं रसवंतीगृह उभं आहे, चरकासकट, लाल बाकड्यांसकट, आणि मला त्याचं काहीच वाटत नाही. पप्पा बनियनवर उभे राहून चरकात ऊस घालतायत. चाकाची घुंगरं हलतायत पण वाजत नाहीत. चरकाच्या पायाशी मम्मी भिंतीकडं तोंड करून झोपलीय.

पप्पा दिवाळीच्या आधी गेले. हे मला स्वप्नातही माहीत असतं. तरी मी आधी काय सांगते?

"पप्पा, मी कॅप्टन झाले! नुसत्या मुलींची नाही हां, अख्ख्या शाळेची. प्रार्थनेला माईकवर मीच असते. आणि परवा पतसंस्थेचे साहेब हप्ता मागायला आले ना दुकानात, मम्मी आत जाऊन बसली, मी बोलले त्यांच्याशी. फुल ग्लास रस पाजला आणि रसाचे पैसेपण घेतले!"

पप्पा हसतात. "एवढी बोलायला कधी शिकलीस गं? पाहुणे आले की पडद्यामागं जाऊन बसायचीस."

"तुम्ही गेल्यावर."

बोलून जाते आणि मग वाटतं, हे नको होतं बोलायला. पप्पा पिळलेला ऊस दुमडतात, मध्ये लिंबू आणि आलं ठेवतात, परत चरकात घालतात. दोन थेंब येतात. परत दुमडतात.

"बास की पप्पा, चिपाड झालं त्याचं."

"आहे अजून," ते म्हणतात. "थोडा आहे."

पप्पा असे माझ्याच स्वप्नात येतात असं नाही. ते सगळ्यांकडं जातात. शेजारी बांगड्यांचं दुकान आहे त्या हिराकाकूकडं तर पाहुण्यासारखे जातात. ती सकाळी सकाळी आमच्या दारात येऊन सांगते, "अगं, काल भाऊजी आलेले. चहा मागितला. वर म्हणतात, साखर टाक बिनधास्त, आता कुठं डॉक्टर बघतोय!" आम्ही हसतो. मम्मी पण हसते, आणि मग विचारते, "आणखी काही मागितलं का? माझ्याबद्दल काही?" नाही, असं हिराकाकू म्हणते. मम्मी भांडी घासायला बसते.

मम्मीच्या स्वप्नात ते एकदाही आले नाहीत.

का, ते तिनं ठरवून टाकलंय. मटार सोलताना हिराकाकूला सांगत होती, मी आतून ऐकलं. "सही मी केली ना दवाखान्यात. डॉक्टर म्हणत होते, ठेवा अजून थोडे दिवस. कुठनं ठेवू? कर्ज द्यायला कोण उरलं नव्हतं. घरी आणलं मी त्यांना. तो राग धरलाय त्यांनी." हिराकाकू म्हणाली, "काहीही बोलतीस." मम्मी म्हणाली, "मग येत का नाहीत?" हिराकाकूनं मटाराची पुढची शेंग उचलली.

मी एकदा ठोकून दिलं होतं, पप्पा स्वप्नात आले, म्हणाले रागावलो नाही, तिला सांग. मम्मीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. भाषणात घाल."

म्हणून आता, आता ते खरेच समोर आहेत तर, मी विचारते. "पप्पा, तुम्ही मम्मीवर रागावलाय का?"

आम्ही बाकड्यावर बसलोय. बाकडं दवाखान्यातलं आहे, भिंत हिरवी आहे, आतून कुणीतरी नंबर पुकारतंय. पप्पांच्या हाताला सलाईन लावलंय आणि बाटलीत उसाचा रस आहे, फेसासकट.

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणते. सही केली म्हणून."

"येडी आहे. मीच म्हणत होतो घरी चल म्हणून. आवाज फुटत नव्हता माझा."

"मग या ना तिच्याकडं! हिराकाकूकडं बरं जाता चहा प्यायला!"

"हिरा जेवली की घोरायला लागते," पप्पा म्हणतात. "दार सताड उघडं. कुणीही आत जावं. तुझ्या मम्मीकडं मी रोज निघतो, प्राजू. रोज. पण तिची झोप एवढीशी." ते करंगळीचं पेर दाखवतात. "मी पोचेस्तवर ती उठून बसलेली असते. मग उंबऱ्यातनं मागं."

मला एकदम समजतं. मम्मी दुपारपासून दुकानात असते. रात्री चरक धुते, फडकी धुते, आमचे डबे भरून ठेवते, आणि उजाडायच्या आत डेअरीवर जाते, दुधाच्या पिशव्या भरायला. सोमवारी संध्याकाळी तिघींनी मिळून जेवायचं, गप्पा मारायच्या, असा तिनंच नियम केलाय. तिघी जेवायला बसतो आणि ती ताटावरच पेंगते. कनू तिच्या हातातली भाकरी हळूच काढून घेते. ती पप्पांसाठी रडतानासुद्धा मी तिला पाहिलेलं नाही. ती रडणार कधी? वेळ कुठला काढणार?

"मग मी काय करू?" मी विचारते.

"झोपव तिला."

"कशी झोपवू? डेअरी सोडली तर हप्ता कोण भरणार? दुकान मी बघते म्हटलं तर म्हणते, दहावी आहे. कनूला मी सांभाळते म्हटलं तर म्हणते, तू पण लहानच आहेस. सांगा ना कशी झोपवू! तुम्ही सांगा!"

पप्पा खिशात हात घालतात. बराच वेळ शोधतात. हात बाहेर काढतात तर रिकामा, नुसता लिंबाचा वास.

"माझंच दुखणं ते," म्हणतात. "माझ्या पायी झालं सगळं. आणि मला आता एक रुपया उचलता येत नाही गं."

मी त्यांच्यावर ओरडले म्हणून मला कसंतरी होतं.

"बरं, खूण तरी सांगा. तुम्हा दोघांनाच माहीत असलेली. मग तिला पटेल."

पप्पा विचार करतात. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकतं. "लग्नानंतर ती पहिल्यांदा दुकानावर आली ना, तेव्हा…"

एसटी सुटते. मी खिडकीशी बसलेय, पप्पा खाली रस्त्यावर आहेत, एसटीबरोबर चालतायत आणि सांगतायत. काच बंद आहे. मी ओढते, सरकत नाही. पप्पा हातवारे करून सगळी गोष्ट सांगतात, मध्येच स्वतःच हसतात, कपाळाला हात लावतात. पूर्ण सांगतात. मी काचेवर बुक्क्या मारते. "ऐकू येत नाही! पप्पा, परत! परत सांगा!" माझा आवाजही काचेच्या आतच राहतो.

एसटी शाळेच्या मैदानात थांबलेली आहे. सगळी मुलं रांगेत. मी माईकसमोर. माईक बंद आहे, पण सगळे माझ्याकडं बघतायत, मी काहीतरी बोलायची वाट बघतायत, आणि मला एक शब्द येत नाही. शेवटच्या रांगेत पप्पा उभे आहेत, खांद्यावर कनू.

तेवढ्यात घंटा सुरू होते. थांबतच नाही. आमचे शिपाईकाका तर बाजूला उभे, हात बांधून, तरी वाजतेय.

"प्राजू!" पप्पा लांबून ओठावर बोट ठेवतात. "ती घंटा! बंद कर ती. उठेल ती!"

मी पळते. मैदान पाकासारखं चिकट झालंय, पाय उचलत नाहीत. कशीबशी पोचते आणि दोन्ही हातांनी घंटेला मिठी मारते. घंटा माझ्या हातात थरथरते, मांजराच्या पिल्लासारखी. मग गप्प होते.

पप्पा माझ्या जवळून जातात. चपला त्यांनी हातात घेतल्यात, कुणी झोपलेलं असलं की घरात शिरताना घेतात तशा. माझ्याकडं बघतही नाहीत.

"ताई. ए ताई."

कनू मला हलवतेय. खिडकीत ऊन आहे. चक्क ऊन. मी उठून बसते आणि मग मला कळतं, माझी उजवी मूठ बंद आहे, बोटं दुखतायत. उघडून बघते तर मम्मीचा फोन. तो रात्री तिच्या उशाखाली असतो. गजर बंद केलेला आहे. मी केलाय. कधी, ते मला आठवत नाही. फोन अजून कोमट आहे.

आणि मम्मी झोपलीय.

कनू कानाशी येऊन विचारते, "मम्मी उठत का नाही?"

"झोपलीय ती."

"पप्पांसारखी?"

"नाही गं! श्वास बघ तिचा. बघ ना."

दोघी बघतो. पोट वर येतं, खाली जातं. कनू बराच वेळ बघते आणि मग म्हणते, "मम्मी झोपल्यावर अशी दिसते होय."

डेअरीच्या मॅडमचे फोन येऊन गेलेत. पाळी गेली, म्हणजे आजचा पगार गेला. शनिवारी हप्ता आहे, आणि मम्मीनं तो कसा जमवला होता ते मला माहीत आहे. आत्ता उठवलं तर धावत जाईल, हातापाया पडेल, कदाचित अर्धी पाळी तरी देतील. उठवायला पाहिजे. मी तिच्या खांद्याकडं हात नेते.

मम्मी कूस बदलते. डोळे मिटलेले. पापण्यांखाली काहीतरी हलतंय. आणि ती बोलते, आमच्याशी कधीच बोलत नाही अशा आवाजात, थोडी लाजून, थोडी रागावून.

"अहो… केवढा उशीर."

माझा हात तिथंच राहतो. दुसऱ्या हातात फोन पुन्हा थरथरायला लागतो. मॅडम. मी दोन्ही तळव्यांत तो दाबून धरते, पोटाशी घेते, वरून गोधडी ओढते. उचलत नाही. कटही करत नाही.