पप्पांचा देवाशी अबोला

माझा भाऊ समुद्रात गेला तेव्हा मी लग्न होऊन शहरात, बेव्हर्ली पार्क वसाहतीत, नुकतीच राहायला आले होते. आमच्या उत्तन गावच्या किनाऱ्यापासून खूप आत, पहाटेच्या धुक्यात, एका मोठ्या जहाजाने त्यांच्या मासेमारीच्या होडीला धडक दिली आणि ते जहाज थांबलं नाही. होडीवरचे बाकीचे वाचले. भाऊ मिळाला नाही, त्याचं शरीरही नाही. आमच्या गावात कुणी गेलं की चर्चची घंटा होते, मग चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना, मग दफन, मग शेजारणींनी आणलेली जेवणाची भांडी. एकामागून एक सगळं येत जातं आणि दुःखाला कुठेतरी काठ लागतो. आमच्या दुःखाला काठ लागला नाही. ते नुसतं पसरत राहिलं.

त्यानंतरच्या रविवारी पप्पांनी नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट घातला, आईला स्कूटरवर बसवून चर्चपर्यंत आणलं आणि स्वतः कंपाउंडच्या कट्ट्यावर बसले.

आई म्हणाली, "चला ना."

"तू जा. मी त्याच्याशी बोलत न्हाय."

"कोणाशी?"

पप्पांनी हनुवटीने वर, कळसावरच्या क्रूसाकडे दाखवलं.

आमच्याकडे भावाभावांत असे अबोले असतात. एका अंगणात राहायचं, एकमेकांच्या घरातल्या कालवणाचा वास घ्यायचा, आणि बोलायचं नाही. पप्पांनी देवाशी तसा अबोला धरला. देव नाही, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. नसलेल्या माणसाशी कोण अबोला धरतो? ते दर रविवारी येत राहिले, अंघोळ करून, केस विंचरून. आतली गाणी, वाचन, फादरांचं प्रवचन सगळं त्यांना बाहेर ऐकू यायचं. कधी प्रवचन लांबलं तर घरी जाताना म्हणायचे, "आज फादर जास्त बोलला." बसायचे मात्र चर्चकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून. त्या कट्ट्यावरून समुद्र दिसायचा, आणि ऊन चढलं की पाणी आणि आभाळ यांच्यातली रेघ पुसून जायची. मी माहेरी असले की आतल्या बाकावरून दारातून त्यांची पाठ बघत राहायचे. अवतीभवती सगळा नुसता उजेड, आणि त्यात पप्पांची पाठ. ते जमिनीवर बसलेत की कुठल्यातरी होडीत, कळायचं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग पप्पांच्या फुप्फुसांनी दगा दिला. शेवटच्या आठवड्यात मी उत्तनला जाऊन राहिले. म्हातारे फादर, मरणाऱ्याला लावतात ती अखेरची तेलं घेऊन घरी आले. खाटेजवळ बसून त्यांनी पप्पांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "काही सांगायचंय का? देवाची क्षमा मागायची का?"

पप्पांना दम लागायचा. तरी ते स्वच्छ बोलले. "फादर, त्याला सांगा, पोराला आण. मग बोलू."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. फादर तेल न लावताच डबी खिशात ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता आणि रिता होत होता, त्या लयीत पप्पांच्या हातावर हात ठेवून मला डुलकी लागली. जागी झाले तेव्हा पडदा तसाच फुगत होता, पप्पांचा श्वास थांबलेला होता.

चर्चने त्यांना नेहमीसारखीच माती दिली, फादरांनी एक शब्दही उणा काढला नाही. जे बोलायचं ते आत्या बोलली. ही पप्पांची मोठी बहीण. आजी लवकर गेल्यामुळे तिनेच त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं. सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती म्हणाली, "तेलं नाकारली त्याने. देवाला पाठ दाखवून गेला. आता तो कुठे असंल, ते लहान पोरालाही ठाव हाय."

आई नारळ खवत होती. तिचा हात थांबला. नंतर मी तिला माझ्याकडे घेऊन आले.

बेव्हर्ली पार्कच्या फ्लॅटमधून समुद्र दिसत नाही. समोरच्या इमारती दिसतात आणि दुपारी त्यांच्या काचांवरून परावर्तित झालेला उजेड छतावर हलत राहतो, पाण्यासारखा. आई सोफ्यावर आडवी होऊन ते बघायची. अर्धवट झोपेत असावी तसं तिचं बोलणं सुरू व्हायचं.

"मी त्याला तिथे बघायचा प्रयत्न करते, न्हाय दिसत गं."

"कुठे?"

"आगीत. आयुष्यभर दर्यात राबलेला, ओला माणूस तो. लुंगी ओली, केस ओले, अंथरुणात आला तरी अंगाला पाण्याचा वास. त्याला आग धरंल कशी?"

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आमच्या बाईंनी मेणबत्ती पेटवून प्रत्येकाला बोट जवळ न्यायला लावलं होतं. चटका बसून आम्ही बोट मागे घेतलं की म्हणायच्या, तिथे बोट मागे घेता येत नाही. त्याच बाई पुढच्या तासाला सांगायच्या, देव तुमच्या आईपेक्षाही तुमच्यावर जास्त प्रेम करतो. मला दोन्ही गोष्टी एका वेळी मनात धरता यायच्या नाहीत. मोठी झाल्यावर मी त्यातली एक हळूच सोडून दिली. तेच मी आईला सांगितलं. "आई, नरक-बिरक काही नसतो. घाबरवायला सांगतात."

आई उठून बसली. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "मग त्या जहाजवाल्याचं काय? पोराला पाण्यात टाकून तो घरी जाऊन जेवला असंल. त्याला पण काय न्हाय?"

तिला नरक हवा होता, एका माणसासाठी. आणि नको होता, एका माणसासाठी.

पुढच्या रविवारी आम्ही रिक्षाने उत्तनला गेलो. गेटमधून आत शिरल्यावर आई सरळ कट्ट्याकडे वळली आणि पप्पा बसायचे तिथे बसली.

"तू जा आत," मला म्हणाली. "तो जिथे हाय तिथे मला जायचंय. देव एकट्या मला आत बोलवत असंल, तर मला न्हाय जायचं."

मी गेले नाही. तिच्याशेजारी बसले. आत मिस्सा चालू होती आणि खाली बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मांडवावरून वारा येत होता. सगळ्या रंगांवर खारट धूसरपणा आला होता. मला वाटत राहिलं की आम्ही पप्पांच्या डोळ्यांतून बघतोय.

असे दोन-तीन रविवार झाल्यावर एकदा मिस्सा संपवून फादर आमच्याकडे आले. म्हातारे फादर तोवर बदलून गेले होते. हे नवे, तरुण. ते कट्ट्यावर टेकले. त्यांनी काही न विचारताच आईने सगळं सांगितलं, अबोला, तेलं, आत्या.

फादर म्हणाले, "मावशी, नरक नाही असं मी म्हणणार नाही. पण अमुक माणूस तिथे आहे, असं चर्चने आजवर कुणाचंही नाव घेऊन सांगितलेलं नाही. कुणाचंच नाही."

"म्हणजे तो तिथे न्हाय?"

"मला माहीत नाही. आशा ठेवायला मनाई नाही, एवढं माहीत आहे." मग त्यांनी विचारलं, "मिस्सेत आपण श्रद्धेची घोषणा म्हणतो, त्यात येशू मेल्यावर कुठे उतरला म्हणतो?"

आईने मनातल्या मनात ओळी म्हटल्या. तिचे ओठ हलताना दिसत होते. मग ती थबकली. "अधोलोकात."

"हो."

"अधोलोक म्हणजे तेच?"

"मेलेल्यांची जागा. तो नरक की दुसरं काही, यावर जाणत्यांचे वाद आहेत. पण देव तिथवर खाली गेला, असं आपण दर रविवारी म्हणतो."

"कशाला गेला?"

"जे स्वतः वर येऊ शकत नव्हते, त्यांना आणायला."

आई समुद्राकडे बघत राहिली. आयुष्यभर तिने ते शब्द म्हटले होते, आणि त्यांच्यावरून अशी निघून गेली होती जशी आपण रोजच्या रस्त्यावरच्या एखाद्या दारावरून जातो. मग ती म्हणाली, "फादर, माझा नवरा स्वतःहून बोलणार न्हाय. देवालाच आधी बोलावं लागंल."

फादर हसले नाहीत. "तसंच होत असावं," ते म्हणाले.

"आणि तो जहाजवाला? त्यालाही आणील?"

खाली कुणीतरी होडीचं इंजिन चालू करून बघत होतं. "त्याने काय केलं ते त्याला बघावं लागेल," फादर म्हणाले. "तुमच्या मुलाच्या डोळ्यात बघून. त्याच्यापुढे काय, मला सांगता येत नाही."

"माझ्या नवऱ्याला पुन्हा राग येल," आई म्हणाली. पण तिचा आवाज सैल झाला होता. पुढच्या रविवारी ती आत गेली, आणि मी तिच्या मागून.

सगळं मिटलं असं मात्र झालं नाही. संध्याकाळी आम्ही जपमाळ घेऊन रोझरी म्हणतो तेव्हा प्रत्येक दशकाच्या, म्हणजे दहा मण्यांच्या, शेवटी सगळ्या आत्म्यांना स्वर्गात ने, अशी विनवणी येते. तिथे आई 'सगळ्या'च्या आधी थांबते. कधी तो शब्द म्हणते, कधी गिळते. मी तिला विचारत नाही. माझंही तसंच आहे. मी सोडून दिलेली गोष्ट परत उचलून बघतेय. ती जड आहे, पण आता तिच्यात नुसती मेणबत्ती आणि बोट नाही.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही दफनभूमीत पप्पांच्या क्रूसाला झेंडू घालत होतो. ऊन उतरलं होतं, असंख्य मेणबत्त्यांच्या उष्णतेने पलीकडची माणसं पाण्याखाली असल्यासारखी हलताना दिसत होती. त्यांच्यातून आत्या आली. स्वयंपाकघरातल्या त्या दिवसानंतर आई तिच्याशी फारशी बोलली नव्हती. आत्याने आपली मेणबत्ती लावली आणि तिथेच उभी राहिली.

आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "बाय, काल दुपारी तो स्वप्नात आला. किनाऱ्यावर बसून जाळं विणत होता. बाजूला आणखी एक कोणीतरी बसलेला, पाठमोरा. तोपण त्याच जाळ्याला बसलेला."

"बोलत होते?" मी विचारलं.

"न्हाय. पण दोघांचे हात चालू होते."

आत्या म्हणाली, "स्वप्नाला काय अर्थ हाय?" तिने वाऱ्याने विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवली. मग, आईच्या अगदी जवळ येऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तिने विचारलं, "बारीक झाला होता का गं?"

"न्हाय, बाय," आई म्हणाली. "चांगला भरलेला होता."