तुळशीची दिवेलागण आणि गारठलेली मोटार

मिनेसोटात हिवाळ्यात मोटारीलाही शेक द्यावा लागतो. इंजिनाच्या पोटात विजेवर तापणारा एक हीटर असतो. त्याची वायर प्लगला लावून ठेवली, की आतले कूलंट रात्रभर कोमट राहते आणि सकाळी इंजिन विनातक्रार जागे होते. (ज्याचे नावच कूलंट, तेच तापवायचे! शास्त्रात याला वदतोव्याघात म्हणतात, मिनेसोटात जानेवारी.)

त्या दिवशी सूनबाई मुक्ताच्या मैत्रिणीकडे वास्तुशांत होती आणि पौरोहित्य माझ्याकडे. मुहूर्त चुकू नये म्हणून मी भल्या पहाटे सोवळे नेसून, वर दोन स्वेटर आणि कोट चढवून मोटारीत विराजमान झालो. मुक्ताने किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हले आणि समाधिस्थ झाले!

"बाबा, हीटर चाललेलाच दिसत नाही!"

"मंत्र म्हणू का?"

"म्हणा. पण टॉर्च नीट धरा."

ती बॉनेट उघडून आत वाकली. (एवढी एकाग्रता मला सारे आयुष्य जपाला बसूनही साधलेली नाही.) तिने मीटर लावून पाहिला. वायर निर्दोष. हीटर निर्दोष. कूलंटची पातळीही यथास्थित!

"मग कूलंट फिरत नाहीये की काय? कुठे ब्लॉक झालंय?" तिने इंजिनावर हात ठेवला. "एक मिनिट... बाबा, हे आत्ता गरम व्हायला लागलंय!"

"प्रभुकृपा!" मी हात जोडले. टॉर्च इंजिनात पडला.

"कृपा आत्ता सुरू झाली? मग रात्रभर कुठे होती?"

वायरीचा माग काढत ती गॅरेजशेजारच्या धुण्याच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिथे आमची तुळस, हिवाळ्यात उन्हाऐवजी तिच्यावर लावलेल्या विजेच्या दिव्याच्या प्रकाशात प्रसन्न उभी होती.

"तुळशीच्या दिव्याचा प्लग कोणी बदलला?"

"मी. तिचा प्लग बिघडला होता. ऐन दिवेलागणीला दिवा विझायचा! तिन्हीसांजेला तुळशीपुढे अंधार शोभतो का? म्हणून दिवा शेजारच्या मोटारीच्या प्लगला लावला आणि मोटारीची वायर इथे. मोटारीला कुठे दिवेलागण असते!"

"बाबा, तो बिघडलेला नाही, त्याला टायमर आहे! संध्याकाळी बंद, पहाटे चालू. रात्री झाडालाही झोप लागते हो!"

म्हणजे तुळशीला मी रात्रभर जागरण घडवले आणि मोटारीला निर्जळी नव्हे, पण निर्वीज उपवास!

मुक्ता रागावली नाही. घड्याळ पाहून म्हणाली, "तुम्ही नेहमीसारखी घाई केलीत, म्हणून वेळ आहे. तापू दे थोडं." आणि खरोखरच, चहा होईतो... बरं, दोन चहा होईतो इंजिन हुंकारले. मुहूर्त साधला. पूजेत यजमानांच्या आधी मी मनोमन सूनबाईंवरच अक्षता टाकल्या.

परतल्यावर पाहिले, तर दोन्ही प्लगांवर तिच्या हातची चिठ्ठी होती: 'बाबा, येथे फक्त नमस्कार करावा.'

मी तीत व्याकरणाची चूक शोधली. एकही सापडेना. तेव्हापासून रोज नमस्कार करतो, दुरूनच.